हे सूत कुठलं?

मेसेज आला तेव्हा मी कापसाच्या गाठोड्यावर बसले होते. दिवाळीच्या आधीची वेचणी चालू होती, दुपारची भाकरी झाली होती आणि बांधावरच्या लिंबाखाली आमच्या फोनला जेमतेम दोन कांड्या रेंज मिळते, म्हणून मी तिथं जाऊन इन्स्टा उघडलं. पुण्याची एक मुलगी होती. बहिणीला बाळ होणार होतं.

“हाय ताई, बेबी ब्लँकेट हवंय. यार्न नॅचरल आणि एथिकली सोर्स्ड असेल ना? कुठून येतं, कोण बनवतं, त्याची थोडी स्टोरीपण पाठवाल का? बहिणीला आवडेल.”

मी लगेच लिहिलं, “हो हो, हंड्रेड पर्सेंट कॉटन, ऑरगॅनिक.” पुढं हिरव्या पानाचा इमोजी टाकला. फोन ठेवला आणि मग बुडाखालच्या गाठोड्याकडं लक्ष गेलं.

माझी क्रोशाची गुंडी कुरियरनं येते. मी कधी न पाहिलेल्या शहरातून. वेष्टनावर पानाचं चित्र असतं, वजन असतं, कोणत्या नंबरची सुई वापरायची ते असतं. कापूस कुठल्या रानातला, ते नसतं. आणि मी राहते माहूरला. गडावरून खाली बघितलं तर पैनगंगेपर्यंत पऱ्हाटीच पऱ्हाटी. दसऱ्यानंतर आमच्याकडं घराच्या पडवीत, कधी कधी थेट माणसांच्या खोलीत कापूस भरलेला असतो आणि आम्ही त्याच्याकडेनं अंग चोरून ये-जा करतो. एवढ्या कापसात राहून मला शंभर ग्रॅम सुतासाठी कुरियरवाल्याची वाट बघावी लागते, हे त्या दिवसापर्यंत मला विचित्र वाटलंच नव्हतं.

आमचा कापूस व्यापाऱ्याच्या टेम्पोत जातो. कधी किनवटकडं, कधी सीमेपलीकडं आदिलाबादच्या बाजारात. तिथून जिनिंग, सरकी वेगळी, रुईच्या गाठी वेगळ्या, आणि पुढं त्या कुठं जातात ते आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. नांदेडला निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही मिल होती. तीही कधीच बंद पडली. इथला कापूस इथं सूत होऊन बघायला मिळावा, अशी जागाच राहिली नाही.

*

क्रोशे मला आईनं शिकवलं. आधी साखळी, मग मुका खांब, अर्धा खांब, खांब. सातवीच्या उन्हाळ्यात मी नुसत्या साखळ्या घालत होते, घराच्या दारापासून चुलीपर्यंत पोचेल एवढ्या. आईनं त्या उसवल्या आणि म्हणाली, आता हात सारखा झाला, आता विण. टीव्हीवरचा रुमाल, दारावरचं तोरण, पाण्याच्या तांब्यावरची जाळी. नवरात्रात गडावर एवढी गर्दी लोटते की आमच्या ओळखीच्या एका दुकानात, तांबूल कुटायच्या आवाजाशेजारी, आईची तोरणं टांगलेली असायची आणि चार दिवसांत संपायची.

ही सगळी तोरणं ‘लोकरी’ची. नांदेडहून रंगीत गुंड्या आणायचो, दुकानदारही लोकरच म्हणायचा. मी बी.ए.ला नांदेडला गेले, तिथं इन्स्टावर पेज काढलं, आणि कुणीतरी विचारलं, वूल आहे की अॅक्रिलिक? तेव्हा पहिल्यांदा मी गुंडीचा एक तुकडा पेटवून पाहिला. तुम्हीही करून बघा, बेसिनजवळ उभं राहून, चिमट्यात धरून. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सुती धागा कागदासारखा जळतो. माझ्या लोकरीचा काळा, कडक मणी झाला, प्लास्टिकच्या पिशवीचा होतो तसा. आईनं वीस वर्षं जे विणलं त्यात मेंढीचा एक केसही नव्हता. खनिज तेलातून काढलेलं प्लास्टिक होतं ते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग? स्वस्त आहे, रंग जात नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. देवीच्या ओटीतले खणसुद्धा आता बहुतेक पॉलिस्टरचे असतात. अॅक्रिलिकवर हसणाऱ्या पोस्टी मला म्हणूनच फारशा आवडत नाहीत. ज्या बाईकडं तोरणामागं पन्नास रुपये सुटतात तिनं धागा कोणता घ्यावा हे शहरातून सांगणं सोपं आहे.

खरी लोकर मात्र आमच्या शिवारातूनच चालत जाते. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की मेंढपाळ येतात, शेतकरी त्यांच्याकडून रात्री शेतात मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत होतं. मागच्या उन्हाळ्यात मी एका मेंढपाळाला लोकर मागितली. तो माझ्याकडं बघतच राहिला. “कशाला? आम्ही फेकूनच देतो.” दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळपट. घोंगडीसाठी तीच हवी. चिंचोक्याची खळ लावून ताणा ताठ करतात आणि मग घोंगडी विणतात, ती पावसात लवकर भिजत नाही. पण घोंगडी वापरणारेच कमी झाले, मग लोकर कोण घेणार? त्यानं मला खताची अर्धी गोणी भरून दिली, पैसे घेतले नाहीत. मी ती धुतली, वळली, जाड सुईनं विणली. काथ्या विणल्यासारखं वाटत होतं. एक चौकोनी आसन झालं, ते देवघरापुढं आहे. बाळाच्या अंगाला लावायची ती वस्तू नव्हे. सगळ्यात एथिकल धागा म्हणाल तर मला तोच मिळाला होता आणि तो कुणालाच नको होता, मलासुद्धा.

*

तर ब्लँकेट. पाऊण मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, शिंप्यांची नक्षी, कडेला मुक्या खांबांची किनार. मी २२०० रुपये सांगितले. तिकडून आलं, “ताई थोडं जास्त होतंय, १६०० मध्ये होईल का? अजून दोन मैत्रिणींनाही सांगते.” मैत्रिणींचं आमिष दर वेळी असतं आणि मी दर वेळी भुलते. झालं, १६००.

चारशे ग्रॅम सूत लागलं. १८० रुपयांना शंभर ग्रॅम, म्हणजे ७२०. कुरियर ८०. उरले ८००. तास मी कधी मोजत नाही, पण या वेळी फोनमध्ये नोंद ठेवली, कारण ती ‘स्टोरी’ लिहायची होती आणि मला वाटलं, शेवटी एक गोड वाक्य टाकू, ‘तुमच्या बाळासाठी इतके तास’. तीस तास झाले. ८०० भागिले ३०. सव्वीस रुपये आणि वर काही पैसे.

त्याच आठवड्यात वेचणीचे पैसे वाटायचं काम माझ्याकडं होतं. आमच्याकडं या वर्षी किलोला दहा रुपये. आमच्या शेतात येणाऱ्या काकूंचा हात चलाख, सकाळी नऊ ते पाच त्या चाळीस किलो वेचतात. चारशे रुपये. तासाला पन्नास.

मी हिशोब पुन्हा केला. वही उलटी धरून केला असता तरी तेच आलं असतं. उन्हात, कंबरेला ओटा बांधून, बोंडाच्या टोकानं बोटं ओरखडून घेणाऱ्या काकूंना माझ्या दुप्पट मिळत होते. आणि काकूंची मजुरी काही चांगली नाही. चांगली नाही हे मला माहीत आहे, कारण ती देतो आम्हीच. मी मात्र बायोमध्ये ‘आर्टिस्ट’ लिहून, पंख्याखाली बसून, त्यांच्या निम्म्यावर काम करत होते.

मग मी गुंडीचाच हिशोब काढला. कापसातली साधारण दोन तृतीयांश सरकी जाते, एक तृतीयांश रुई उरते, सूत होताना थोडी आणखी गळते. शंभर ग्रॅम सुताला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास कापूस. क्विंटलला सात हजार धरले तर शेतकऱ्याचे झाले तेवीस रुपये. त्यातले वेचणाऱ्या बाईचे सव्वातीन. १८० रुपयांच्या गुंडीत. बाकीचे कुठं कुठं जातात ते मला सांगता येणार नाही. जिनिंग आहे, गिरणी आहे, वाहतूक आहे, दुकान आहे, पानाचं चित्र आहे. कुणी लुटतंय असं म्हणायला माझ्याकडं आधार नाही. पण ‘कोण बनवतं’ या प्रश्नाचं उत्तर रुपयांत लिहिलं तर ते असं दिसतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, क्रोशे येत नाही. क्रोशासारखं दिसणारं जाळीदार कापड यंत्र काढतं, पण सुईनं घातलेला खरा खांब हातानंच घालावा लागतो. म्हणजे मॉलमध्ये सातशे रुपयांचा क्रोशे टॉप दिसतो, तो खरा क्रोशाचा असेल तर कुठल्या तरी बाईनं बसून विणलाय. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढं ती लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक तिथं राहिल्या, १९८२ मध्ये त्यांचं त्या बायकांवर पुस्तक आलं. त्यांनी दाखवलं ते साधं होतं. या बाया दिवसाचे कितीतरी तास जगाच्या बाजारासाठी राबतात, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या गृहिणी, आणि लेस त्या रिकाम्या वेळात करतात, असं धरलं की मजुरी कितीही कमी देता येते.

हे वाचताना मला आईचा आवाज ऐकू आला. कुणी विचारलं की ती म्हणते, “काही नाही हो, फावल्या वेळात करते.” पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला फावला वेळ कधी असतो, हे मी तिला विचारलं नाही. माझं तरी काय वेगळं? मी रेट सांगताना खाली लिहिते, ‘लव्ह फॉर क्रोशे’.

*

ब्लँकेट गेलं. स्टोरी पाठवायची राहिली. तिनं दोनदा आठवण केली, “नो रश ताई, पण पाठवा हं.” आणि मी ऑरगॅनिक लिहून बसले होते.

मला वाटलं, निदान एक वस्तू तरी अशी करू की तिची गोष्ट खरी असेल. आधी खादीचा विचार केला. आपल्याकडं राष्ट्रध्वज जिथं तयार होतो अशा मोजक्या ठिकाणांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, ध्वजाचं कापड उदगीरला विणलं जातं. शाळेत हे अभिमानानं सांगायचे. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरचा, पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला, ते मात्र कुणी वर्गात सांगितल्याचं ऐकलं नाही. असो. खादीचं सूत कापडाच्या मापाचं, बारीक. चार-पाच पदर एकत्र पिळल्याशिवाय माझ्या सुईला पुरत नाही. आणि कापूस पुन्हा कुणाचा तरी.

आमच्या घरात रोज कापसाला हात लावणारं एकच माणूस आहे, आजी. वाती वळते. फुलवाती, लांब वाती, देवाला कापसाची वस्त्रं. आमच्याच शेतातला, पहिल्या वेचणीचा, सीतादहीच्या दिवशीचा कापूस ती वेगळा काढून ठेवते. दहीभात शेतात ठेवून पूजा झाली की पहिली ओंजळ तिची. सरकी ती बोटांनीच काढते, बोलता बोलता.

“आजी, सूत काढता येतं का तुला?”

“काय करून राहिली गं तू आता?” (आमची माहूरची बोली अर्धी मराठवाड्याची, अर्धी वऱ्हाडाची.) “चौथीपर्यंत सूतकताई होती आम्हाले. गुरुजी वजन करून मार्क द्यायचे.”

टकळी घरात नव्हती. बाबांनी सायकलची एक तार सरळ करून टोक वाकवून दिलं, खाली लाकडी चकती बसवली. आजीनं बोटांनी कापूस पिंजला, अगरबत्तीच्या काडीवर पेळू वळले, भिंतीला टेकून बसली आणि टकळीला पीळ दिला. सूत तुटलं. पुन्हा दिला, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. साठ वर्षांनी तिच्या बोटांना आठवायला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी टकळी गुणगुणायला लागली आणि आजीसुद्धा.

मी तिची रील काढली नाही. काढणार होते, पण तिनं पदर डोळ्यांवर ओढला.

रोज तासभर, कधी दीड तास. सूत कुठं जाड, कुठं केसासारखं. एकेरी सूत हातातून सोडलं की स्वतःभोवतीच वेटोळं घालतं, त्यावर क्रोशे केलं तर वीण तिरकी जाते. मग तीन पदर उलट्या पिळानं एकत्र केले, लडी करून पाण्यात बुडवली, खाली तांब्याचं वजन लावून दोरीवर वाळत घातली. तीन आठवड्यांत पन्नास ग्रॅम झालं. रंग सायीचा. मधे मधे वाळक्या पानाचा बारीक चुरा, काढला तरी राहिलेला.

दत्तशिखर आमच्या घरावरून दिसतं. दत्तात्रेयांच्या २४ गुरूंमध्ये एक कोळी आहे, आपल्यातूनच धागा काढतो आणि आपल्यातच परत घेतो. कीर्तनकार त्याचा अर्थ ब्रह्माकडं नेतात. मला त्या तीन आठवड्यांत वाटत होतं की कुठून आलं, कुणी बनवलं, या प्रश्नाचं पूर्ण खरं उत्तर देता येईल असा तो एकटाच असावा.

कारण आमचं उत्तर पूर्ण स्वच्छ नव्हतं. कापूस आमचा, पण बीटीचा. २००२ नंतर देशात बीटी आलं आणि बघता बघता देशी कापूस आमच्या भागातून गेला. देशीचा धागा आखूड, भाव कमी, बाबा कशाला पेरतील? बोंडअळीसाठी बीटी, पण तुडतुड्यांसाठी, मावा-फुलकिड्यांसाठी फवारणी आहेच, आणि गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. २०१७ साली पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा शाळेत होते. त्या महिन्यात बाबा फवारून आले की आई त्यांना दारातच थांबवायची, अंगावर पाणी ओतायची आणि रात्रभर त्यांच्या डोळ्यांकडं बघत राहायची. बाबा चिडायचे. सुती धागा म्हणजे सोज्वळ धागा, असं मला तेव्हापासून म्हणता येत नाही. आजीच्या सुताला मी नैसर्गिक म्हणेन. ऑरगॅनिक म्हणणार नाही.

*

टोपडं विणायला चार तास लागले. मधोमध साखळीचं कडं, त्यात बारा खांब, मग चोवीस, मग छत्तीस, पुढं सरळ खाली, शेवटी बंदाच्या दोन साखळ्या. हाताच्या सुतावर सुई घसरत नाही, प्रत्येक खांब जरा ओढून घ्यावा लागतो. जिथं सूत जाड तिथं खांब फुगलेला, जिथं बारीक तिथं जाळी. सारखेपणा म्हणाल तर सातवीतल्या माझ्या साखळ्याही याहून बऱ्या होत्या. पण हातात घेतलं की ते हातात राहत होतं.

रात्री मी पुण्याच्या मुलीला सगळं लिहिलं. ब्लँकेटचं सूत कुठलं ते मला माहीत नाही, मी न बघता ऑरगॅनिक लिहिलं, सॉरी. ब्लँकेट परत करायचं असेल तर पैसे देईन. खाली टोपड्याचा फोटो, शेतातल्या गाठोड्यांचा फोटो, सायकलच्या तारेच्या टकळीचा फोटो. हे आमच्या शेतातल्या बीटी कापसाचं आहे, फवारणी झालेलं आहे, सूत माझ्या आजीनं काढलं आहे. मेसेज एवढा लांब झाला की पाठवल्यावर मलाच ‘सी मोअर’ दाबावं लागलं.

दोन दिवस उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आलं, “ब्लँकेट नाही परत करणार, बाळ त्यातच झोपतंय. टोपड्याची प्राइस?”

चोवीस तास. आजीचे वीस, माझे चार. वेचणीचा दर लावला, तासाला पन्नास, त्याहून एक रुपया वर नाही. १२०० रुपये. एका टोपड्याला. मी आकडा टाइप केला, खोडला, ९०० केला, खोडला. ‘मेड विथ लव्ह’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी १२०० लिहिलं, तास लिहिले, आणि फोन पालथा ठेवून स्वयंपाकघरात गेले.

भाकरी होईपर्यंत उत्तर आलेलं होतं. “ओके. पाठवा.”

आजी भिंतीला टेकून पेळू वळत बसली होती. मी तिला आकडा सांगितला. ती खोटं बोलतेय का हे बघावं तशी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “त्यात माझे किती?”

“हजार.”

“अन् तुझे दोनशे?”

“हो.”

तिनं मान हलवली, पटल्यासारखी. पेळू मांडीवर ठेवला, टकळी हातात घेतली, आणि पुन्हा थांबली.

“कापूस तं तुझ्या बापाचा होता. त्याचे किती?”

ते मी धरलेच नव्हते. मी कॅल्क्युलेटर उघडला. पन्नास ग्रॅम सुताला पावणेदोनशे ग्रॅम कापूस, सात हजार क्विंटल.

“बारा रुपये,” मी म्हणाले. “त्यातले पावणेदोन वेचणीचे.”